जहाजसाहेबाची वारसनोंद

पहिला दिवस : डब्लिन

"तुमचा कोण लागतो हा?" टेबलापलीकडच्या बाईंनी विचारलं.

"बाबा, थोडक्यात सांगा हं," असं लेकीनं दारातच बजावलं होतं. मी थोडक्यातच सांगितलं, "आधी आमचा नोकर. मग शत्रू."

किल्डेअर स्ट्रीटवरच्या राष्ट्रीय ग्रंथालयात वंशावळ शोधणाऱ्यांच्या मदतीला माणसं बसलेली असतात, आणि त्याचे पैसे घेत नाहीत. येणारे बहुतेक अमेरिका, कॅनडा, ऑस्ट्रेलियातले. कुणाला पणजा हवा असतो, कुणाला खापरपणजी. साताऱ्याकडचा एक निवृत्त तलाठी येतो आणि ज्याच्याशी रक्ताचं काही नातं नाही अशा माणसाच्या बापाचं नाव विचारतो, हे त्या बाईंनाही नवीन असावं. त्यांनी कागद पुढे ओढला. नाव?

जॉर्ज थॉमस. जन्म १७५६ च्या सुमारास, टिपरेरीतलं रॉस्क्रे. मृत्यू २२ ऑगस्ट १८०२, बंगालमधलं बहरामपूर. धंदा काय, या प्रश्नावर मी अडलो. गोदीतला हमाल, इंग्रजी आरमारातला खलाशी, मद्रासला उतरून पळालेला, सरधन्याच्या बेगम समरूचा सरदार, मराठ्यांचा चाकर, आणि शेवटची तीनेक वर्षं हांसीचा राजा. स्वतःची टांकसाळ, स्वतःचा रुपया, स्वतः ओतलेल्या तोफा. "सोल्जर लिहा," लेकीनं परस्पर सांगून टाकलं.

हा माणूस मला पहिल्यांदा भेटला हिसारला. पानिपत पाहून आम्ही दहा-बारा जण तिकडे वळलो होतो. फिरोजशहाच्या महालाच्या आवारात 'जहाज कोठी' नावाची इमारत आहे. समुद्र शेकडो कोसांवर, मग जहाज कुठलं? तर ते जॉर्जचं जहाज. लोकांच्या तोंडात जॉर्ज बसेना, जहाज बसलं. माणूस खलाशी होता म्हटल्यावर तर चपखलच. झज्जरकडे त्यानं बांधलेला जॉर्जगडही असाच जहाजगड झाला. पाटीवरची माहिती वाचताना एका ओळीशी मी थांबलो: मराठा सरदार आप्पा खंडेराव यांच्या पदरी. मग पुण्याला आल्यावर वाचत गेलो, आणि जिथे वाचावं तिथे एकच दिसलं. रॉस्क्रेच्या एका गरीब कुळाचा मुलगा, बाप लहानपणीच वारला. बापाचं नाव नाही, आईचं नाही, वाडीचं नाही.

तीस वर्षं वारसनोंदी केलेल्या माणसाला असा कोरा रकाना स्वस्थ बसू देत नाही. लेक डब्लिनला आहेच, म्हटलं बघू.

बाईंनी जे सांगितलं ते असं. कॅथलिक चर्चच्या बाप्तिस्मा-नोंदवह्यांच्या फिल्म याच ग्रंथालयाकडे आहेत, २०१५ पासून त्या इंटरनेटवर कुणालाही फुकट पाहता येतात. पण खेड्यापाड्यांतल्या वह्या बहुधा १८०० च्या आगेमागे सुरू होतात, काही त्याहून पुष्कळ उशिरा. त्याआधीच्या कायद्यांनी कॅथलिकांची इतकी कोंडी केलेली, की पाद्री नोंदी ठेवणार कुठे आणि कशा? जॉर्ज जन्मला तेव्हा त्याची नोंद करणारी वहीच बहुधा नव्हती. आणि तो कॅथलिक होता हेही आपण मानतो, एवढंच.

"शिवाय थॉमस हे आडनाव," त्या म्हणाल्या, "इथलं नेहमीचं नाही." ते वेल्समधून आलेल्यांचं असू शकतं, किंवा मूळच्या 'मॅक थॉमाश' म्हणजे 'थॉमसचा मुलगा' या आयरिश नावाचं इंग्रजी रूप. म्हणजे बापाचं नाव शोधायला आलो, तर आडनावच मुळात कुणाच्या तरी बापाचं निघालं!

शेजारच्या टेबलावर एक ऑस्ट्रेलियन आजी बसल्या होत्या. त्यांचा पूर्वज चोरीच्या शिक्षेवर सिडनीला धाडलेला. त्यांच्याकडे बोटीचं नाव, उंची, केसांचा आणि डोळ्यांचा रंग, सगळं होतं. माझी रडकथा ऐकून त्या म्हणाल्या, "कैदी असला की बरं असतं. सरकार सगळं लिहून ठेवतं."

परतताना सेंट स्टीफन्स ग्रीनच्या कोपऱ्यावरची कमान पाहिली. ब्रिटिश फौजेतल्या रॉयल डब्लिन फ्युझिलिअर्सच्या बोअर युद्धातल्या मृतांसाठी १९०७ साली उभारलेली. जावई म्हणाला, इथले लोक तिला गद्दारांचं दार म्हणत. मी त्याला सांगितलं, याच रेजिमेंटची एक पलटण मूळची मुंबईची, कंपनी सरकारची. १८१७ साली खडकीला बाजीरावावर चालून आलेली ती हीच. त्यांच्या मानाच्या लढायांच्या यादीत 'किरकी' आहे. तो पुण्यात पाच वर्षं राहिलेला, रोज खडकीवरून कंपनीत जायचा. कमानीखाली उभं राहून त्यानं दगडातली नावं वर बघत पुन्हा वाचली. तिथे खडकी नाही, आफ्रिकेतली गावं आहेत.

दुसरा दिवस : डब्लिन

सकाळी लिफी नदीकाठची फोर कोर्ट्स, म्हणजे न्यायालयाची इमारत. बाहेरूनच. ३० जून १९२२ रोजी यादवी युद्धात इथला सरकारी दफ्तरखाना स्फोटात उडाला आणि जळाला. सातशे वर्षांचे कागद. जळके कपटे शहरभर उडत होते म्हणतात. एकोणिसाव्या शतकातल्या जनगणनांपैकी १८२१ ते १८५१ च्या बहुतेक या आगीत गेल्या आणि १८६१ ते १८९१ च्या त्याआधीच सरकारनं स्वतःच्या हातानं नष्ट केलेल्या. प्रॉटेस्टंट चर्चच्या शेकडो वह्या सुरक्षित राहाव्यात म्हणून इथे आणून ठेवल्या होत्या, त्याही गेल्या. आता जगभरातल्या नकला जमवून दफ्तर संगणकावर पुन्हा उभं करायचं काम चाललंय, आगीला शंभर वर्षं झाली तेव्हा ते लोकांसाठी खुलं केलं. १७६६ ची एक धर्मवार गणती होती, गावागावांत किती प्रॉटेस्टंट, किती 'पेपिस्ट' म्हणजे कॅथलिक. जॉर्ज तेव्हा दहा वर्षांचा. मूळ कागद जळाले, काही नकला उरल्या, पण त्यातही मिळालं तर घरच्या कर्त्याचं नाव मिळायचं. आमच्या जॉर्जचा कर्ताच गेलेला.

खरी मजा आली हेन्रिएटा स्ट्रीटला. रजिस्ट्री ऑफ डीड्स, म्हणजे आपलं दुय्यम निबंधक कार्यालय समजा, १७०८ पासूनचं. हे जळलं नाही. एकेक वही दोन्ही हातांनी उचलावी लागते, उघडली की टेबल भरतं. चामड्याची पाठ, आत जाड कागद, तपकिरी पडलेली शाई, आणि अक्षर इतकं एकसारखं की आमच्या जुन्या कारकुनांची आठवण झाली. वास मात्र आमच्या रेकॉर्डरूमचा नाही. तिथे वाळवीच्या औषधाचा असतो, इथे ओल्या लोकरीचा.

दोन सूच्या आहेत. एक माणसांच्या नावाची, एक गावांच्या नावाची. नावांची सूची फक्त देणाऱ्याची, घेणाऱ्याची नाही! म्हणजे जमीन देणारा, गहाण टाकणारा, पट्ट्यानं लावणारा सापडेल. ज्यानं पट्ट्यानं घेतली तो सापडणार नाही. मी गावांच्या सूचीतून टिपरेरी काढलं, रॉस्क्रे काढलं. दुपारपर्यंत वाचत बसलो. गढी, गिरण्या, बाजाराचा हक्क, मुलीच्या हुंड्यापोटी लिहून दिलेली शेतं. डेमर घराण्याचं नाव पुन्हा पुन्हा. १७२२ साली त्यांनी रॉस्क्रे विकत घेतलं, किल्ल्यासकट.

कूळ कुठेच नाही. कसं असेल? १७०४ च्या कायद्यानं कॅथलिकाला जमीन विकत घेता येत नव्हती, पट्टाही ३१ वर्षांहून जास्त मुदतीचा घेता येत नव्हता. आणि ज्याची ऐपत वर्षाच्या बोलीवर तीन-चार एकर कसण्याची, त्याचा कागद कोण करणार? मालकाच्या कारभाऱ्यानं वहीत खूण केली की झालं. आपल्याकडे १९४८ चा कुळकायदा आला तेव्हा आधीच्या पिढीच्या तलाठ्यांनी हेच पाहिलेलं. कसणारा चार पिढ्यांचा, आणि पीकपाहणीला त्याचं नाव नाही. ते किस्से मी चहाबरोबर ऐकलेले आहेत. त्यामुळे हेन्रिएटा स्ट्रीटच्या त्या थंड खोलीत मला वाईट वगैरे काही वाटलं नाही. ओळखीचं वाटलं.

इथल्या सातबाऱ्याला ग्रिफिथचं व्हॅल्युएशन म्हणतात. गावोगाव, वाडीवार, कोण कसतो, मालक कोण, आकार किती. सुरेख काम आहे. पण ते १८४७ ते १८६४ चं. जॉर्ज मरून पन्नास वर्षं झालेली.

तिसरा दिवस : रॉस्क्रे

डब्लिनहून सव्वाशे किलोमीटर. रेल्वेही जाते, पण दिवसातून मोजक्याच गाड्या, म्हणून जावयानं गाडी काढली. मागे लेक, नात आणि ही. डिकीत थालीपिठं आणि लोणचं, कारण मागल्या खेपेला गाजराच्या सूपवर चार दिवस काढलेले हिच्या पक्कं लक्षात होतं. पाऊस म्हणावा तर पाऊस नाही, आपल्याकडे भुरभुर म्हणतो तसला. पेट्रोल पंपावरचा माणूस म्हणाला, "सॉफ्ट डे." हीसुद्धा त्या पावसाची इथली जातच आहे म्हणे.

गावात शिरलो आणि रस्त्यानं चर्च आणि मनोरा यांच्या मधून नेलं. शब्दशः मधून. डावीकडे बाराव्या शतकातल्या सेंट क्रोनानच्या चर्चची एक भिंत, दाराच्या तीन कमानींसकट. बाकी चर्च १८१२ साली पाडून मागे नवं बांधलं. उजवीकडे त्याच मठाचा गोल मनोरा. मध्ये डब्लिन–लिमरिकचा जुना हमरस्ता, त्यावरून दुधाचे टँकर. मनोऱ्याचं टोक गायब आहे. १७९८ च्या बंडात वरून कुणी बंडखोरानं पहारेकऱ्याला टिपलं, म्हणून इंग्रजांनी वरचा भाग उतरवला. त्या वर्षी आमचा जॉर्ज हांसीचे पडके तट बांधून घेत होता.

गढी पाहायला गेलो. तेराव्या शतकातल्या किल्ल्याच्या आवारात, तटाच्या आत, सरळसोट खिडक्यांचं एक ऐसपैस घर: डेमर हाउस. शनिवारवाड्यात कुणी कलेक्टरचा बंगला बांधावा तसं दिसतं. आतला लाकडी जिना कोरीव, कठड्यावरून हात फिरवावासा वाटतो. हे घर पुढे बराकी झालं, रुग्णालय झालं, आणि १९७० च्या दशकात पाडलंच जाणार होतं. जुन्या इमारती जपणाऱ्या एका संस्थेनं वाचवलं. वाटाड्या तरुण, उत्साही. मी विचारलं, जॉर्ज थॉमस माहीत आहे का? "द राजा फ्रॉम टिपरेरी!" तो एकदम खुलला. नाव माहीत होतं, गोष्ट माहीत होती. घर?

"ते कुणालाच माहीत नाही."

मग त्यानं फोनवर एक फोटो दाखवला. गोल मनोऱ्याच्या एका खिडकीच्या आतल्या बाजूला दगडात कोरलेलं गलबत. एक डोलकाठी, खाली वळलेला तळ, पोराच्या बोटानं काढावं इतकं साधं. आयर्लंडच्या अगदी पोटातलं हे गाव, समुद्र कुठल्याही बाजूला शंभरेक किलोमीटर, आणि कुणा साधूनं गलबत कोरून ठेवलेलं. नातीनं माझा दंड धरला. "आजोबा, जहाज!"

जॉर्जनं ते पाहिलं असेल असं मी म्हणत नाही. मला फक्त ते फार आवडलं.

दुपारी कबरस्तान. हा माझा हट्ट. फ्रान्सिस्कन मठाच्या पडक्या मनोऱ्याच्या कमानीखालून कॅथलिक चर्चच्या आवारात जावं लागतं. तिथे आणि पलीकडच्या जुन्या चर्चभोवती मिळून दीड तास भिजलो. दगडांवर शेवाळ नाही, पांढरं-केशरी दगडफूल. नखानं खरवडायचं नाही, असं लेकीनं सांगितलं, दगड खराब होतो. तिरका उजेड टाकला की अक्षरं उठतात. जावई मोबाइलची बॅटरी तिरकी धरून गुडघ्यावर, नात आकडे वाचणार, मी वहीत उतरवणार. अठराव्या शतकातले दगड थोडेच, तेही ऐपतवाल्यांचे. कुळाला कुठला दगड! हे मला हेन्रिएटा स्ट्रीटलाच कळायला हवं होतं, पण माणूस जाऊन बघतोच. थॉमस एकही वाचता आलं नाही. नातीनं मात्र सात 'मेरी' मोजल्या.

रात्री उतारा एका घरगुती खाणावळीत. मालकीणबाईंनी रेडिएटरवर आमचे सगळे मोजे वाळत घातले आणि विचारलं, कुणाला शोधताय. हिनं इंग्रजीत जमेल तसं सांगितलं. बाई बराच वेळ ऐकून म्हणाल्या, त्यांच्या आजीच्या वेळी, बाप माहीत नसलेलं पोर असलं की कुणी ते उघड बोलत नसे; आजी बाई मधेच वाक्य तोडायची आणि सगळ्यांना कळायचं. मला ते झटकन लागलं. जॉर्जच्या बाबतीत 'बाप लहानपणी वारला' हे आपण जॉर्जच्याच तोंडून ऐकलेलं आहे. घोड्यावरून पडून वारला अशीही एक पुस्ती कुठेकुठे जोडलेली वाचली. वारस चौकशीला पंच आणून कुणी असं सांगितलं असतं, तर मी दोन ओळी सोडून ठेवल्या असत्या.

चौथा दिवस : रॉस्क्रे

सकाळी मोनाइन्शा. तीन-चार किलोमीटरवर कुरणात एक पडका मठ. पूर्वी इथे दलदलीचं तळं होतं आणि हे बेट; अठराव्या शतकाच्या शेवटाकडे पाणी काढून टाकलं, आता गाईंच्या मधून चालत जाता येतं. इथल्या एका बेटावर कुणाला मरण येत नाही आणि दुसऱ्यावर बाई गेली तर जिवंत राहत नाही, अशी आख्यायिका बाराव्या शतकापासून लिहिलेली आहे. हे कळल्यावर ही म्हणाली, "मग मी गाडीतच बसते." आणि बसली.

बाकी दिवस पावसाचा, म्हणून खाणावळीच्या टेबलावर वही उघडून बसलो. नातीनं शाळेच्या प्रकल्पासाठी वंशवृक्षाचा छापील कागद आणला होता, तिनं त्यावर स्वतःचं झाड करण्याऐवजी जॉर्जचं करायला घेतलं. खालच्या फांद्या भराभर भरल्या. बायको मारी, बेगम समरूच्या पदरची. मुलं. हांसी सोडून निघताना जॉर्जनं ही सगळी बेगमेच्या हवाली केली. आता वर दोन रिकामे चौकोन.

"याच्या बाबांचं नाव?"

आता मला ती गोष्ट सांगावीच लागली, जी मी तीन दिवस धरून ठेवली होती.

१७९३ च्या सुमाराला बेगमेच्या दरबारी फ्रेंचांशी बिनसल्यावर जॉर्ज आप्पा खंडेरावांकडे आला. महादजी शिंद्यांच्या हाताखाली मेवातचा कारभार पाहणारे हे सरदार. पैशाची सदाची टंचाई, फौजेचे पगार थकलेले. एकदा त्यांच्याच शिपायांनी पगारासाठी बंड करून त्यांना अडकवून ठेवलं. जॉर्ज आपली तुकडी घेऊन गेला आणि त्यांना सुखरूप बाहेर काढून आणलं. तेव्हा आप्पांनी त्याला मुलगा मानलं. हत्ती-पालखीला पैसे दिले, परगणे दिले, झज्जर त्यातलंच. १८०२ साली बनारसला बसून जॉर्जनं कॅप्टन विल्यम फ्रँकलिनला स्वतःची हकिकत सांगितली, ती १८०३ साली कलकत्त्यात छापली, त्यात हे आहे. सांगताना जॉर्ज म्हणाला होता की फारसीत सांगतो, मातृभाषेपेक्षा आता तीच जास्त सवयीची आहे. आता त्याची मातृभाषा इंग्रजी म्हणावी की टिपरेरीच्या कुळांची आयरिश, तेही फ्रँकलिन लिहीत नाही.

"मग आप्पा लिहू?" नातीची पेन्सिल तयार.

लेक म्हणाली, मानलेला बाप चालत नाही, वंशवृक्ष रक्ताचा असतो. मी म्हटलं, आपल्याकडे दत्तकाला पिंड द्यायचा पूर्ण हक्क, सातबाऱ्यावर नाव, काय कमी असतं? जावई म्हणाला, पण बाबा, हे दत्तकविधान झालं होतं का? होम, नात्यातली माणसं, कागद? इथे मी अडकलो. कारण पुढची गोष्ट माझ्याविरुद्ध जाते. १७९७ साली असाध्य दुखण्याला कंटाळून आप्पांनी यमुनेत जीव दिला. आणि दौलत गेली पुतण्याकडे, वामनरावाकडे. वामनराव आणि जॉर्ज यांचं पहिल्यापासून फाटलं. हिशेब, परगणे, कुणाचं काय. भाऊबंदकीच ती. सख्खा पुतण्या आणि मानलेला मुलगा. दत्तक पक्का असता तर पुतण्या आला कुठून?

"म्हणजे तोंडी होतं," ही म्हणाली. लोकरीचं विणकाम चालूच. "बापही तोंडी, दत्तकही तोंडी."

आप्पा गेल्यावर जॉर्जनं हांसी घेतली. टिपरेरीच्या कुळाचं पोर, पण गावं वसवली, सारा ठरवला. शेवटी शिंद्यांचा फ्रेंच सेनापती पेराँ याला हे शेजारी राज्य खपेना. १८०१ च्या सप्टेंबरात बुर्कें नावाचा त्याचा सरदार जॉर्जगडावर चालून आला. पहिल्या दिवशी बुर्केंची फौज कापली गेली. तेव्हा तुटून पडायचं सोडून जॉर्ज कित्येक दिवस दारूत बुडून बसला. मग वेढा, पळ, हांसीचा वेढा, शरणागती. शरणागतीनंतरच्या मेजवानीत कुणी पेराँच्या नावानं पेला उचलला, तर यानं तलवार उपसली, असं तिथे हजर असलेल्या जेम्स स्किनरनं लिहिलंय. आठेक महिन्यांत, कलकत्त्याला नावेनं जाताना, तो तापानं गेला. सेहेचाळीस वर्षांचा.

चौकोन रिकामेच ठेवून नात झोपली.

पाचवा दिवस : यॉल

लिहितात 'यौघल' वाटावं असं आणि म्हणतात यॉल. कॅशेलचा कातळ लांबून बघितला, केहरला चहा, फरमॉयवरून खाली समुद्राकडे. रॉस्क्रेहून गाडीनं अडीच-तीन तास. जॉर्जला पायी किती दिवस लागले असतील कोण जाणे. का निघाला असेल याचा अंदाज मात्र रस्ताभर येतो. दोन्ही बाजूंना दगडी कुंपणं. १७६१ पासून टिपरेरीत हेच पेटलेलं: मालकांनी गायरानं कुंपणं घालून गुरांना धरली, रात्री पांढरे सदरे घातलेली टोळकी ती कुंपणं पाडायची, व्हाइटबॉइज. १७६६ साली क्लॉनमेलला निकोलस शीही नावाच्या, त्यांची बाजू घेणाऱ्या पाद्र्याला फाशी दिली, एका खुनाला साथ दिल्याच्या आरोपावरून. बिनबापाच्या, बिनजमिनीच्या पोरानं अशा मुलखात राहून करायचं काय?

यॉलच्या मुख्य रस्त्यावर मधोमध घड्याळाचा मनोरा आहे, मोटारी त्याच्या पोटातल्या कमानीतून जातात. १७७७ साली बांधला. खाली वेस, वर तुरुंग. १७९८ मध्ये बंडखोरांना याच्याच खिडक्यांतून लटकवलं. १७७७ ला जॉर्ज एकवीस वर्षांचा. गोदीत हमाली करत होता ती याच सुमाराला. मनोऱ्याचे दगड वाहणाऱ्यांत तो असेल का, हा विचार मनात आला आणि मी तो तिथेच ठेवला. पण हा मनोरा नवा-कोरा असताना त्यानं बहुधा पाहिला असावा. पाच दिवसांत एवढी एक वस्तू हाती लागली.

धक्क्यावर गेलो. ब्लॅकवॉटर नदी इथे समुद्राला मिळते, पाणी खरोखर काळपट. ओहोटी होती, चिखलात दोन होड्या कलंडलेल्या, डिझेल आणि समुद्रशेवाळाचा वास. अमेरिकेच्या युद्धासाठी आरमाराला माणसं हवी होती, बंदरातल्या तरण्या पोरांना धरून बोटीवर चढवत. त्यातच हा सापडला म्हणतात. फ्रँकलिन लिहितो, जहाजावर तो क्वार्टरमास्टर होता, काहींच्या मते साधा खलाशी. पुन्हा 'काहींच्या मते'!

पण इथे माझ्यातला तलाठी जागा झाला. आरमारी जहाजांचे हजेरीपट लंडनजवळ क्यूच्या दफ्तरात आहेत. १७६४ नंतरच्या पटांत माणसाचं वय आणि जन्मगाव लिहायची पद्धत होती. आणि जो पळाला त्याच्या नावापुढे एक अक्षर टाकत, 'आर', म्हणजे रन. मद्रास, १७८१-८२. जॉर्ज थॉमस, रॉस्क्रे, 'आर'. ऑस्ट्रेलियन आजी म्हणाल्या ते आठवलं. पळून त्यानं गुन्हाच तर केला होता. सरकारनं लिहून ठेवलेलं असणार.

"आता लंडन?" ही म्हणाली. मी काही बोललो नाही.

धक्क्यावरच्या बाकावर चिप्स खात नातीनं तो कागद पुन्हा काढला. सीगलला दोन चिप्स टाकल्या आणि वरच्या उजव्या चौकोनात माझ्याकडून विचारून विचारून देवनागरीत लिहिलं: आप्पा खंडेराव (मानलेले). डावा चौकोन रिकामा.

"पेन्सिलीनं का लिहायला लावलंत?"

मी सांगितलं, कोणतीही नोंद आधी कच्ची असते. चावडीवर नोटीस लावायची, पंधरा दिवस थांबायचं. कुणाची हरकत आली नाही, तर मंडळ अधिकारी सही करतो आणि मग ती पक्की.

"पण आता हरकत कोण घेणार?"

हिनं सुई लोकरीत खोचली. "वामनराव घेईल की."